न वाजलेला डबा

खरं सांगते, शब्दन् शब्द खरा! चिंचणीच्या समुद्राची शपथ, चुलीतल्या निखाऱ्याची शपथ, आणि तरी विश्वास बसत नसेल तर माझ्या उरलेल्या दातांची शपथ. यातलं काही खोटं निघालं तर उद्यापासून माझ्या चहात साखरेऐवजी मीठ पडो! आता गप बसा आणि ऐका. मधे कुणी हसायचं नाही. कावळा आला की मग तर मुळीच नाही.

बोईसरजवळच्या सरावलीत दीपा नावाची एक पोर राहायची. हाताला चव अशी की नुसत्या डाळीला फोडणी दिली तरी शेजारचे भिंतीला नाक लावायचे. पण जीव मात्र चिमणीएवढा. पालीला भ्यायची, विजेला भ्यायची, अवेळी फोन वाजला की आधी देवाकडे बघायची आणि मग फोनकडे. पण सगळ्यांत जास्त भ्यायची ती दोन गोष्टींना. एक म्हणजे कंपन्यांचा भोंगा, आणि दुसरं म्हणजे न जेवलेलं ताट.

भोंग्याचं कुणालाही कळेल. बोईसर-तारापूरला राहायचं म्हटलं की भोंगा ऐकून आधी आभाळात धूर शोधायचा, धूर नसला तर पुन्हा भाजी चिरायला घ्यायची, ही सवयच. ताटाची गोष्ट मात्र घरातली. तिच्या बाबांना, मारुतीला, साखरेचा आजार. एका नवरात्रात त्यांनी कडक उपास धरले. पोटात कण नाही आणि गोळी मात्र नेमानं घेतली. बेटेगावच्या फाट्यावर सायकलवर असताना डोळ्यांपुढे अंधारी आली ती थेट डांबरावर. जीव वाचला, पण उजवा हात तेव्हापासून लुळा. त्या सकाळी त्यांचं ताट दीपानं झाकून ठेवलं होतं, ते तसंच झाकलेलं राहिलं. त्या दिवसापासून कुणी जेवणावरून नुसतं उठलं तरी तिच्या पोटात खड्डा पडायचा.

घर चालवायला मायलेकींनी डबे सुरू केले. आई रांधायची, दीपा स्कूटीवरून दुपारी कंपनीच्या गेटवर डबे द्यायची आणि शिफ्ट सुटली की रिकामे घेऊन यायची.

अशाच एका थंडीतल्या संध्याकाळी... वारा समुद्राकडून येत होता, ओठावर मीठ बसत होतं. दीपा रिकाम्या डब्यांचं क्रेट मागे बांधून गेटमधून निघाली — आणि भोंगा झाला.

भों—ओं—ओं!

स्कूटी गेली एकीकडे, दीपा दुसरीकडे आणि डबे सगळीकडे. खण्ण! ठण्ण! खण्ण! रिकामे डबे रस्ताभर नाचत, गरगरत सुटले. आणि त्या सगळ्या गोंगाटात एक डबा पडला — थप्प.

वाजलाच नाही.

“लागलं का हो?” वरून आवाज आला.

दीपानं मान वर केली. मग आणखी वर केली. माणूस होता की कपाट! निळा शर्ट, हातात पिवळं हेल्मेट, गोल चेहरा, आणि डोळे... डोळे मात्र त्या एवढ्या मोठ्या अंगात चुकून बसवल्यासारखे. लहान मुलाचे.

“ड्रिल आहे,” तो म्हणाला. “दर महिन्याला करतात. घाबरू नका.”

“मी कुठं घाबरले?”

“नाही ना? मग माझा बूट सोडता का?”

तेव्हा कुठे दीपाला दिसलं, तिनं दोन्ही हातांनी त्याचा बूट गच्च धरला होता. गाल तापले. तिनं बूट असा सोडला जसा काही तो तव्यावरून उतरवला होता, आणि डबे गोळा करायला लागली. तोही वाकून गोळा करायला लागला. शेवटी तिच्या हाताला तो जड डबा लागला. झाकण उघडलं. भाकरी होती तशी, मेथी होती तशी, डाळीवर साय धरलेली.

तिच्या बोटांतलं रक्तच गेलं. झाकणावर नाव होतं, ललित.

“ललित कोण?”

“आहे एक. तसा चांगला मुलगा आहे.”

“जेवला का नाय?”

“आज त्याचं पोट बरं नव्हतं.”

“तुमाला काय माहीत?”

“कारण...” त्यानं पोटावरून हात फिरवला, “...पोट माझ्याकडेच आहे.”

दुसरी कुणी असती तर हसली असती. दीपाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. “उद्या जेवायचं,” ती म्हणाली. “नाय जेवलात तर... मला भीती वाटते.”

त्याच्या जिभेवर दुसरी गंमत तयार होती. ती त्यानं गिळली. “जेवतो,” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ललितचा डबा रिकामा आला. घासून, पुसून, लख्ख. आणि आत दोन चिकू.

“हे काय?” दीपानं गेटवर विचारलं.

“आमच्या जळगावकडे रिकामं भांडं परत देत नाहीत. आईला कळलं तर तिथून चप्पल फेकेल, ती इथं येऊन लागेल.”

“आमच्याकडं पन नाय देत.”

“मग झालं तर.”

झालं कसलं! तिथूनच सुरू झालं. कधी डब्यात सोनचाफ्याचं फूल, कधी गुळाचा खडा, कधी चिंचणीच्या वाळूतला एक शिंपला. गेटवरचा सिक्युरिटीवाला रामाकाका डबे मोजायचं सोडून या दोघांकडेच बघत बसायचा.

“आज काय घातलंय?” दीपा झाकण न उघडता विचारायची.

“घरी जाऊन बघ.”

“पाल तर नाय ना?”

“पाल मावत नव्हती, म्हणून तिचं पिल्लू घातलंय.”

ती किंचाळून डबा टाकायची, तो हवेतच झेलायचा, आणि आत निघायचं आबोलीचं वळेसर, गजऱ्यासारखं विणलेलं. दीपा रागानं लाल व्हायची. मग घरी जाऊन तेच केसांत माळायची आणि आईनं विचारलं तर म्हणायची, “रस्त्यात मिळालं.” सरावलीच्या रस्त्यावर आबोली उगवते, हे त्या माउलीला तेव्हाच कळलं.

पण मनात कुठेतरी खुपत होतं. डबा रिकामा येत होता, आणि ललित मात्र उतरत चालला होता. आधी गालावरची गोलाई गेली. मग पट्ट्याला एक भोक नवीन, मग आणखी एक. डबा परत देताना त्याची बोटं थरथरायची.

“तब्येत बरी हाय ना?”

“एकदम! पातळ होऊन राहिलो. चांगलं दिसतं ना?”

“नाय.”

“नाही?”

“आधी कपाट होता. कपाटाच्या आडोशाला उभं राहता येतं. आता तुमचा टॉवेल स्टँड झालाय.”

तो हसला, आणि हसता हसता त्यानं गेटचा खांब धरला. आधाराला. ते दीपानं बघितलं. सगळं जेवणारा माणूस असा खांब धरतो होय?

आता कावळा येतो. हसायचं नाही म्हटलंय मी!

एका दुपारी डबे देऊन झाल्यावर दीपाच्या लक्षात आलं, ललितच्या डब्यात लिंबाचं लोणचं घालायचं राहिलं. ती परत फिरली. रामाकाका म्हणाला, “दे की माझ्याकडं. नायतर कावळ्यालाच दे, तोच जेवतो.”

“कंचा कावळा?”

“तुला ठाव नाय? भिंतीवर बघ.”

कंपाउंडच्या भिंतीवर एक कावळा बसला होता. कावळा कसला, पंख लावलेला भोपळा! इतका माजला होता की उडणं त्यानं सोडूनच दिलं होतं. शिफ्ट सुटली की पायऱ्यांवरून एकेक पाय टाकत उतरायचा आणि बेटेगावच्या शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी बसून घरी जायचा. आणि त्या कावळ्यापुढे, जाळीपलीकडे, ललित उभा होता. दीपाच्या डब्यातल्या भाकरीचा एकेक तुकडा डाळीत बुडवून भिंतीवर ठेवत होता. “घे राजा,” म्हणत होता. “आज भरीत आहे. माझ्या वाटचं पण तूच खा.”

दीपाच्या अंगावर सर्रकन काटा आला.

अहो, कावळ्याला वाढून ठेवलेला घास कुणाचा असतो? गेलेल्या माणसाच्या नावाचा! जिता माणूस आपल्याच ताटातला घास आपल्याच हातानं कावळ्यापुढे ठेवतो आणि माझ्या वाटचं खा म्हणतो... लोणच्याची बरणी तिच्या हातातून निसटली आणि फुटली. आवाजानं ललित वळला.

“दीपा... ऐक ना...”

“काय ऐकू?” ती जाळीला धरून उभी होती. जाळी थडथडत होती की तीच, कळत नव्हतं. “कुणाचं जेवन घालता तुमी त्याला? सांगा! कुणाचं?”

तेव्हा त्यानं सांगितलं, मान खाली घालून.

टाक्यांवर चढून झडपा बघायचं त्याचं काम. वर चढताना सेफ्टी बेल्ट लागतो, आणि त्या बेल्टला माणूस किती जड चालेल याची हद्द असते. मागच्या मेडिकलला ललित त्या हद्दीच्या अगदी काठावर निघाला. डॉक्टर म्हणाले, या वेळी पास करतो. पुढच्या वेळेपर्यंत उतरला नाहीस तर टाकीवर चढणं बंद. आणि खाली बसायचं काम इथं नव्हतं. ते होतं कंपनीच्या दुसऱ्या प्लांटला, पार गुजरातेत.

“मग मोबाईलवर बघितलं. ठरावीक तासांतच खायचं, बाकी उपास. आधी दुपारी बारा ते रात्री आठ केलं. बरं चाललं होतं. पण काटा हळूहळू हलत होता, म्हणून मग एकदाच जेवायला लागलो. संध्याकाळी सहाला. काकडी, दोन अंडी. सहाच्या आधी पाण्याशिवाय काही नाही.”

“आनि शिफ्ट बदलली की?”

“तरी सहालाच. नाईट असो, फर्स्ट असो. नियम म्हणजे नियम.”

“मग माझा डबा बंद का नाय केला?”

भिंतीवरचा कावळा दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

“डबा बंद केला असता तर...” तो म्हणाला, “...संध्याकाळी गेटवर परत काय दिलं असतं?”

बघा पोरींनो, दुसरी कुठली वेळ असती तर त्या एका वाक्यावर दीपा विरघळली असती. पण तिच्या डोळ्यांसमोर होता बेटेगावचा फाटा आणि रस्त्यावर पडलेली सायकल, चाक अजून फिरत असलेली.

“जा गुजरातला!” ती म्हणाली. रडत म्हणाली. “जिवंत तरी ऱ्हाशील. उद्यापासून डबा नाय. जितं मानूस जेवत नसंल तर मी कावळ्यासाठी रांधत नाय!”

पहिल्यांदाच तिनं त्याला अरे-तुरे केलं होतं. दोघांच्याही लक्षात आलं.

त्यानंतर दीपा गेटवर डबे द्यायची पण नजर वर करायची नाही. पुढच्या आठवड्यात ललितची सेकंड शिफ्ट लागली, तो दिसायचाही बंद झाला. आणि दिसत नव्हता म्हणून भीती कमी झाली म्हणता? छे! दिसणाऱ्या माणसाची भीती तेवढ्यापुरती असते. न दिसणाऱ्याची सगळीकडे. कणीक मळताना वाटायचं, आता चढत असेल. भांडी घासताना वाटायचं, आता हात सुटला असेल. रामाकाकाला विचारावं, तर उत्तर काय येईल याचीच भीती. कावळा तेवढा रोज रिक्षातून उतरून सरावलीला तिच्या खिडकीत येऊन बसायचा आणि जेवण मागायचा.

“कावळा ओरडतोय,” बाबा म्हणायचे. “कोन पावना येतोय गं?”

“कोन नाय येत,” ती म्हणायची, आणि कावळ्याला लाटणं दाखवायची.

एक दिवस दुपार कलली होती. दीपा सुकट निवडत बसली होती. कावळा खिडकीत. आणि भोंगा झाला.

थांबेल म्हणून ती वाट बघत राहिली. थांबेना. भों—ओं—ओं... अंगणातली कुत्री रडायला लागली. बाबा ओट्यावर उभे राहून आभाळाकडे बघत होते. धूर नव्हता. पण दीपाच्या कानात भोंगा नव्हताच, तिथं ‘थप्प’ एवढाच आवाज होता. जड काहीतरी पडल्याचा. न वाजणारं.

भोंगा झाला की चुलीमागे लपणारी ही पोर! तिनं चुलीवरची भाताची पेज डब्यात ओतली, लिंबू-साखर-मीठ घातलेली पाण्याची बाटली घेतली आणि स्कूटीला किक मारली. गाडी थरथरत होती, तीही थरथरत होती, पण जात होती. भोंग्याच्या दिशेनं.

“दीपा!” बाबा ओरडले. “अगं, तिकडं नको!”

गेटवर सगळे कामगार मैदानात रांगा करून उभे होते. भोंगा झाला की सगळ्यांनी हातातलं टाकून तिथं यायचं आणि मोजणी व्हायची, अशी पद्धत. कुणीतरी ओरडलं, “मैडम, गाडी साईड में!” दीपाला ऐकूच गेलं नाही. ती एकेक चेहरा बघत होती. निळा शर्ट, निळा शर्ट, निळा शर्ट...

“काका, काय झालंय?”

“काय नाय गं, ड्रिल हाय,” रामाकाका म्हणाला. पण त्याचा चेहरा ड्रिलचा नव्हता. “पन मोजनीत एक मानूस कमी भरतोय.”

तिला नाव विचारावं लागलं नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. ती गेटचा तोच खांब धरून उभी राहिली, जो त्यानं धरला होता. लोखंड गार होतं. तिनं नवस बोलायला सुरुवात केली. उपास करीन म्हणायला गेली, आणि ओठ चावला. उपास नको रे देवा, दुसरं काहीही माग.

मग टाक्यांमधून दोघं जण येताना दिसले. मधे तिसरा, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. पाय ओढत होता. पण पाय हलत होते. हलत होते!

झालं होतं असं, की ललित टाकीच्या शिडीवर अर्ध्यात असताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. एवढं शहाणपण सुचलं की बेल्टचा हुक अडकवला आणि पायरीवर बसून राहिला. हाक मारायला तोंडात आवाज नव्हता. ड्रिल नसती, मोजणी झाली नसती, तर त्याला शोधायला कोण जाणार होतं? ज्या भोंग्याला दीपा जन्मभर भ्याली, त्यानंच माणूस खाली आणला.

त्याला गेटजवळच्या बाकावर बसवलं. चेहरा पांढराफटक, ओठांना पापुद्रे. दीपानं बाटली उघडून त्याच्या ओठाला लावली. त्यानं डोळे किलकिले केले, तिला बघितलं, आणि मग... मग बघा, माणूस किती हट्टी असतो... त्यानं मनगट वर करून घड्याळ बघितलं.

“सहा... वाजले नाहीत अजून.”

दीपानं बाटली खाली ठेवली. त्याचा हात धरला. पहिल्यांदाच. हात बर्फासारखा होता. तिनं त्याच्या मनगटावरचं घड्याळ सोडलं, पेजेच्या डब्याच्या दुसऱ्या, रिकाम्या खणात टाकलं आणि वर झाकण दाबलं, गच्च.

“हे आता माझ्याकडं,” ती म्हणाली. “पी.”

तो प्याला. मग पेजही प्याला, चमच्या-चमच्यानं. दीपाचा हात इतका हलत होता की अर्धी पेज त्याच्या शर्टावर.

“मी पडलो नाही ना,” तो हळूच म्हणाला. “मग तू का थरथरतेस?”

“तू पडला नायस म्हनून.”

पुढच्या सुट्टीला ती त्याला एसटीत बसवून पालघरला बाबांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. लोकांनी बोलू नये म्हणून बाबांनाही सोबत घेतलं. बाबा सगळ्या वाटेत खिडकीबाहेर बघत होते. मधेच एकदा त्यांनी आपला लुळा हात चांगल्या हातानं उचलून ललितच्या मांडीवर ठेवला. “बघ. कसा लागतो?” म्हणाले. बस्स. पुन्हा खिडकीबाहेर.

डॉक्टरीणबाई फटकळ.

“दिवसातून एकदाच जेवायचं कुणी सांगितलं?”

“मोबाईलनं.”

“मोबाईल टाकीवर चढतो का?”

“नाही.”

“मग त्याला काय जातं सांगायला!”

त्यांनी ललितला तपासलं, आणि मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, “तासांचा उपास वाईट नाही. पण तो तुमच्या अंगाला बसला पाहिजे. रात्री जेवलात की सकाळच्या खाण्यापर्यंत बारा तास जाऊ द्या, त्यातले निम्मे झोपेत जातात. सोसलं तर हळूहळू एखादा तास वाढवा. शिफ्ट बदलली की जेवायच्या वेळाही बदला, सहा म्हणजे सहा असं काही नाही. नाईटच्या आठवड्यात उपास विसरा, नुसतं बेतानं जेवा. टाकीवर चढायचं त्या दिवशी उपाशीपोटी चढायचं नाही. आणि ताप आला, सण आला, कुणाचं लग्न असलं तर खुशाल खा. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. एक दिवस चुकला म्हणून कुणी सगळं सोडत नाही, आणि चिडून दुप्पट उपासही करत नाही. कळलं?”

“हळूहळू उतरेल मग,” ललित म्हणाला. “मेडिकलपर्यंत पुरेसं उतरलं नाही तर?”

“तर नाही. त्याची हमी मी देत नाही.”

म्हणजे गुजरात होतंच. ते कुठे गेलं नव्हतं.

“आणि तुम्ही,” बाई बाबांकडे वळल्या, “साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मला विचारल्याशिवाय एकादशीसुद्धा धरायची नाही.”

“तवाच कुनी सांगायला पायजे व्हतं,” बाबा पुटपुटले.

मग डबा पुन्हा सुरू झाला. पण हिशेब नवा. फर्स्टला दुपारी पोटभर, सेकंडला शिफ्टच्या आधी जेवण आणि सोबत मूठभर शेंगदाणे, नाईटला दोन लहान खण. भाकरी एक कमी, पालेभाजी जास्त, मुगाची उसळ, भाजलेल्या वांग्याचं भरीत. बोंबील तव्यावर, तेल थेंबभर. ललित समोर बसून खायचा, दीपा जाळीपलीकडून बघायची. शेवटचा घास गिळेपर्यंत.

“असं बघतेस जसं काही मी परीक्षेला बसलोय.”

“बसलायस. तोंड उघड, गिळलंस का दाखव.”

कावळ्याला भाकरीचा एकच तुकडा मिळायला लागला. कावळाही उतरला म्हणतात.

मेडिकलचा दिवस आला. सकाळपासून दीपाच्या हातून तीन वेळा मीठ सांडलं. दुपारी ती गेटवर गेली तर रामाकाका म्हणाला, ललित ऑफिसात आहे. संध्याकाळी गेली तर म्हणाला, मघाशीच गेला. काही बोलला नाही? नाही. चेहरा कसा होता? “मानसाचा होता,” रामाकाका म्हणाला.

ती घरी आली. तिनं भात लावला. खिडकीत कावळा ओरडायला लागला.

“पावना येतोय,” बाबा म्हणाले.

आणि दारात ललित.

हातात डबा. तिचाच. त्यानं तो पुढे केला. दीपानं घेतला. हलका लागला. तिनं झाकण काढलं. पहिला खण रिकामा. दुसरा खण रिकामा. तिसरा... फूल नाही, शिंपला नाही, गुळाचा खडाही नाही.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा डबा रिकामा आला होता.

दीपाला कळलं. माणूस कायमचा जातो तेव्हाच असा रिकामा डबा ठेवून जातो. तिच्या कानात पुन्हा तो भोंगा सुरू झाला, पण बाहेर सगळं गप्प होतं. चुलीवर भात तेवढा रटरटत होता.

“कधी... कधी निघतोस?” तिनं विचारलं.

“कुठे?”

“गुजरातला.”

“मी कशाला जाऊ? काठावर पास झालो. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेव.”

“मग डबा रिकामा का आनलास?” ती ओरडलीच. “जीव जातो ना माझा!”

“कारण डबा बंद करायला आलोय.” त्याचाही आवाज आता नीट नव्हता. “डबा नको आता, दीपा. ताटावर जेवायचं म्हणतो. रोज. तुझ्यासमोर बसून. या घरात, नाहीतर माझ्या खोलीवर, तू म्हणशील तिथं. तू वाढशील तेव्हा मी खाईन, मी वाढेन तेव्हा तू खा. बाबांना विचारायला आलोय, पण... आधी तुला. मला फार भीती वाटून राहिली, लवकर बोल.”

“तुला भीती वाटते?”

“टाकीवर नाही वाटली एवढी.”

दीपा डबा घेऊन आत गेली. ललित दारात, बाबा ओट्यावर, आई परसदारी, कावळा खिडकीत, सगळे श्वास धरून. आत फळीवरचं काहीतरी वाजलं. मग ती बाहेर आली आणि डबा त्याच्या हातात दिला.

“रिकामं भांडं परत देत नाय आमी,” म्हणाली.

त्यानं झाकण उघडलं. आत त्याचं घड्याळ होतं, आबोलीच्या वळेसरात गुंडाळलेलं. त्या दिवसापासून फळीवर पडून पडून कधीचं बंद पडलेलं.

“चावी... सेल घालू का याला?” तो म्हणाला. त्याला काही सुचतच नव्हतं.

“ऱ्हाऊ दे,” दीपा म्हणाली. “भूक लागली का तुला?”

“हो.”

“मग बस.”

तिनं दोन ताटं घेतली.

झालं. आता झोपा. काय? कावळा?... बरं बाई, डोळे वटारू नका. एवढी शपथ घेतलीये, तर एक कबूल करते. कावळा रिक्षातून यायचा, हे मी मधे घातलं. रिक्षाला पैसे कुठून आणणार तो?

चालतच यायचा.